दिगंबर घाडीचं विरजण

दिगंबर घाडीची लघवी न्यायला रोज सकाळी इस्पितळातून माणूस येतं, असं दर्शना माहेरी सांगायची तेव्हा आधी सगळे हसायचे. मग ती शांतपणे सांगायची की येतात त्या फर्नांडिस सिस्टर, वॉर्डाच्या मुख्य, आणि त्यांच्या हातात निळा डबा असतो, आणि त्या डब्याला कुलूप असतं. कुलूप म्हटलं की हसणं थांबायचं. ज्याला कुलूप लागतं त्याला आपल्याकडे मान असतो.

दिगंबर पाडेली होता. माडावर चढून नारळ पाडणं हा त्याच्या घराण्याचा धंदा. माडावर चढणारी यंत्रं तोवर कुडाळच्या बाजारातही येऊन पडली होती, पण ती सरळ माडावर चढायची. वाकड्या माडाशी यंत्र अडलं की लोक दिगंबरला बोलावत, आणि त्याला त्याचा भारी गर्व होता. असाच एक वाकडा माड त्याला भोवला. पाठीचा कणा मोडला. कमरेच्या वर तो पूर्वीसारखाच राहिला, दोन्ही हात नारळ सोलायला तयार. कमरेखाली मात्र त्याला स्वतःचे पाय आहेत हे डोळ्यांनी बघूनच कळायचं.

अशा माणसाची लघवी आपली आपण होत नाही. मूत्राशयात एक बारीक नळी घालून ठेवावी लागते आणि तिचं दुसरं टोक पिशवीत सोडावं लागतं. इस्पितळाच्या भाषेत कॅथेटर. ही नळी सोय करते आणि तीच घात करते. निरोगी माणसाचं मूत्राशय ही जवळजवळ बंद खोली असते. नळी घातली की त्या खोलीचं दार कायमचं किलकिलं राहतं. जंतू नळीच्या कडेकडेनं वर चढतात, तिला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात, विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं तसा. त्या थराच्या आत औषध नीट पोचत नाही. तिथून जंतू मूत्रपिंडात जातात, मग रक्तात, आणि मग डॉक्टर नातेवाइकांना बाजूला बोलावतात.

यावरचे जुने उपाय साधे होते. गरज नसेल तर नळी घालू नका. घातलीत तर लवकर काढा. हात धुवा, जोड उघडू नका, पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली टांगा. डॉ. ऋजुता बिडये आपल्या वॉर्डात हे सगळं काटेकोर करून घ्यायच्या आणि त्यानं पुष्कळ फरकही पडायचा. पण ज्याची नळी काढताच येत नाही त्याचं काय? शिवाय काळ असा आला होता की बरीचशी अँटिबायोटिक्स निकामी झाली होती. वर्षानुवर्षं लोकांनी ती फुटाण्यांसारखी खाल्ली होती, दोन दिवस खाऊन बरं वाटलं की सोडली होती, आणि जंतू त्यांना सरावले होते. नळीवाल्या पेशंटला थंडी वाजून ताप आला की घरचे मुंबईपुण्याच्या मंडळींना फोन लावायला घेत.

आणि या सगळ्यात दिगंबर घाडीला सहा वर्षांत एकदाही ताप आला नव्हता.

डॉक्टर बिडयेंना आधी वाटलं दर्शना स्वच्छता चांगली ठेवते. ती ठेवायचीच. पण त्यांनी त्याची लघवी तपासली तेव्हा ती जंतूंनी भरलेली निघाली. फक्त ते जंतू काही करत नव्हते. ना ताप, ना जळजळ. कधीतरी कुठून तरी ते आले होते, त्याच्या नळीवर आणि मूत्राशयात तसूतसू जागा व्यापून बसले होते, आणि दुसऱ्या कुणाला टेकू देत नव्हते. गरीब इतके की साध्यातल्या साध्या अँटिबायोटिकनंही मरावेत. डॉक्टरांच्या शोधनिबंधात त्यांना अक्षरं आणि आकडे मिळाले. वॉर्डात त्यांना राखणे म्हणू लागले, कारण कोकणात प्रत्येक वाडीला न दिसणारा राखणदार असतोच.

सगळ्यात सोप्या शब्दांत हा प्रकार समजावला तो वालावलकर मास्तरांनी. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, एसटीतले. सगळी हयात कंडक्टर होते. बायको गेलेली, मुलगी पुण्याला. हृदय इतकं अशक्त की प्रोस्टेटचं ऑपरेशन करता येत नव्हतं, म्हणून त्यांनाही कायमची नळी. ते म्हणाले, "अरे दिगू, ह्या म्हणजे रुमाल टाकून जागा धरल्यासारखा. तुझे राखणे आधीच येवन बसलेत. मागसून येणाऱ्यान उभ्यानच जावचा नि पुढच्या स्टॉपार उतरूचा." डॉक्टर बिडये हे ऐकून हसल्या, आणि पुढे मोठमोठ्या सभांमध्येही त्यांनी हेच उदाहरण दिलं.

राखणे प्रयोगशाळेत वाढवून नळ्यांना लावावेत आणि ज्याला त्याला द्यावेत, हा विचार ओघानंच आला. तिथं मात्र गाडी अडली. काचेच्या बशीत, आयतं खायला मिळाल्यावर, राखणे लाडावत. नळीला धरून ठेवणारे त्यांचे बारीक तंतू काही पिढ्यांत नाहीसे होत, कारण बशीत धरून ठेवण्यासारखं काही नसे. गोठवून ठेवलेले पुन्हा जागे होत, पण तेही तसेच आळशी. ते तरतरीत राहायचे फक्त दिगंबरच्या पोटात. दुसऱ्याच्या मूत्राशयात महिना दीड महिना टिकत आणि मग विरत. त्यालाच का मानवले, हे डॉक्टरांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. कुणाच्या घरात दही छान लागतं, कुणाच्या घरात नाही, तसंच ते.

म्हणून मग विरजणाचा रिवाज पडला. रोज सकाळी दिगंबरची पिशवी निळ्या डब्यातून प्रयोगशाळेत जायची. तिथं एक यंत्र राखण्यांच्या गुणसूत्राचा धागा ओळखायचं आणि हिरवा दिवा लावायचं. मग त्या लघवीतले राखणे वेगळे काढून नव्या नळ्या त्यात भिजत घालायच्या, आणि ज्यांची नळी बदलायची वेळ आली असेल त्यांना त्या घालायच्या. विरजण मागायला शेजारी वाटी घेऊन जावं तशी सगळी पद्धत. दोन वर्षांत त्या वॉर्डात नळीच्या तापानं एकही माणूस गेलं नाही.

इस्पितळानं घाडी नवराबायकोला आवारातच एक खोली दिली. दर्शना पेशंटांच्या नातेवाइकांसाठी असलेल्या स्वयंपाकघरात काम बघू लागली. सकाळी ती उकड्या तांदळाची पेज करायची, एक वाटी दिगंबरला, एक मास्तरांना, कारण मास्तरांना वॉर्डातला नाश्ता म्हणजे सरकारनं दिलेली शिक्षा वाटायची. संध्याकाळी ती पिशव्यांसाठी कापडाच्या खोळी शिवायची. कुणी भेटायला आलं की पेशंट लाजेनं पिशवी उचलून पांघरुणात लपवत आणि त्यातलं पाणी उलटं वर चढे. खोळ असली म्हणजे पिशवी खाली टांगलेली राहते आणि माणसाची अब्रूही. मास्तरांची खोळ तिनं त्यांच्याच जुन्या खाकी शर्टाची केली होती, खिशासकट. त्या खिशात ते खडीसाखर ठेवायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिकिटासारखी द्यायचे.

आणि दिगंबर? दिगंबर माणसात आला होता. सकाळी उठून दाढी करायचा. सिस्टरांची पावलं वाजली की उशीला टेकून ताठ बसायचा. रात्री पाणी किती प्यावं, तिखट किती खावं, यावर मोठ्या वैद्यासारखा बोलायचा. मास्तर त्याला दूधवाल्याची म्हैस म्हणून चिडवायचे, तेही त्याला आवडायचं. सहा वर्षं ज्याला कुणी उचलून कुशीवर वळवायचं, त्याच्यावर आता अख्खा वॉर्ड उभा होता.

थंडीच्या दिवसांत त्याला खोकला लागला.

पहिले दोन दिवस दर्शनानं आल्याचा रस दिला. तिसऱ्या दिवशी अंग तापलं आणि श्वास घेताना छातीत घरघर ऐकू येऊ लागली. ती डॉक्टरांकडे निघाली तेव्हा त्यानं तिचा हात धरला. खोलीत दोघंच होती. त्याच्या मनगटावर इस्पितळाचा पट्टा असायचा, ताप आला की वॉर्डात कळवणारा. तो त्यानं आधीच काढून उशीखाली ठेवला होता. आता तो त्यानं तिच्या हातावर चढवला.

"डॉक्टरांका सांगू नको," तो म्हणाला.

ती काही बोलायच्या आत त्यानं सगळं भडाभडा सांगितलं. डॉक्टरांना कळलं की त्या अँटिबायोटिक देणार, देणारच, त्या काही मरू देणाऱ्या नव्हेत. आणि ते घेतलं की राखणे मरणार. "सहा वर्सा मी खाटल्यार नुसतो पडान होतंय, दर्शना. आता सकाळी दार वाजता तेवा माका वाटता, कोणीतरी माझ्यासाठी इला. औषध घेतलंय तर ता सगळा संपला. मगे मी परत खाटल्यावरचो गोळो." त्यानं तिचा तळहात आपल्या डोक्यावर दाबून धरला. डोकं तव्यासारखं तापलं होतं. "माझी शपथ आसा तुका. एक शब्द बोलशीत नाय तेंच्याकडे."

शिकलेल्या लोकांना ही गोष्ट हसण्यावारी नेता येईल. पण दर्शनाच्या गावात ज्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, ती मोडली तर तोच माणूस जातो. तिच्या आत्याच्या बाबतीत तसं घडलं होतं असं तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. सांगितलं तर शपथेनं जाणार, नाही सांगितलं तर खोकल्यानं. ती त्याच्या शेजारी बसून राहिली, मनगटावर त्याचा पट्टा, आणि वॉर्डात तिचाच थंड हात दिगंबर घाडीची तब्येत छान असल्याचं कळवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या तेव्हा त्यानं मास्तरांची खडीसाखर तोंडात धरली, रेडिओ मोठा लावला आणि खोकला गिळला. त्या गेल्यावर तो इतका खोकला की ओठ निळे पडले. त्या निळ्या ओठांकडे बघताना दर्शनाला बिस्किटांचा डबा आठवला.

त्या डब्यात गोळ्या होत्या. मागच्या वर्षी तिची दाढ काढली तेव्हाच्या. आता अशा गोळ्या सहजी मिळत नसत, म्हणून तिनं सगळे करायचे तेच केलं होतं: बरं वाटल्याबरोबर थांबून उरलेल्या जपून ठेवल्या होत्या, अडीनडीला. ज्या सवयीनं जगाची औषधं बोथट केली, तीच सवय तिच्या फळीवर झाकण लावून बसली होती. आणि शपथ होती ती न सांगण्याची. न देण्याची शपथ कुणी घातली नव्हती.

तिनं गोळी वरवंट्याखाली चुरली, पेजेत घातली, कडूपणा लागू नये म्हणून गुळाचा खडा टाकला. वाट्या दोन होत्या. कुठली कुणाची, हे तिनं नीट लक्षात ठेवलं. राखण्यांचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला. तिला वाटलं, यंत्र आहे ना. राखणे मेले तर हिरवा दिवा लागणार नाही, डॉक्टर विचारतील, आणि विचारल्यावर काय ते बघू. तोवर हे तर जगतील. तिला एवढंच दिसत होतं आणि तिच्या जागी मला याहून जास्त दिसलं असतं असं मी म्हणणार नाही.

हिरवा दिवा लागतच राहिला.

याचं कारण यंत्रात होतं. ते राखण्यांच्या गुणसूत्राचा धागा शोधायचं, आणि राखणा मेल्यावरही त्याचा धागा काही दिवस शाबूत राहतो. यंत्राला धागा दिसला की राखणा आला. तो जिवंत आहे की नाही, हे त्याला विचारलंच नव्हतं. पूर्वी डॉक्टर बशीत वाढवूनही बघायच्या. जिवंत असेल तरच वाढतो. पण त्याला दोन दिवस लागायचे आणि यंत्राला काही मिनिटं, आणि दोन वर्षांत दोघांचं उत्तर कधी वेगळं आलं नव्हतं. म्हणून बशी मागे पडली होती. मास्तरांच्या भाषेत बोलायचं तर सीटवर रुमाल होता. बसणारा गेला होता.

दिगंबर बरा झाला. आठवड्याभरात घरघर थांबली, पट्टा त्याच्या हातावर परत आला. तो दर्शनाला म्हणाला, बघितलंस, काही झालं नाही, उगाच घाबरतेस. त्याच आठवड्यात मास्तरांची नळी बदलायची होती. ती बदलली. बदलताना त्यांनी सिस्टरांना विचारलं की ही गाडी वेळेवर सुटली ना, आणि सिस्टर म्हणाल्या, हो मास्तर, फुल्ल भरून.

थंडी त्यांना दुपारी वाजली. दर्शना वाटी परत न्यायला गेली होती. ते पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून पडले होते आणि दात वाजत होते. तिनं कपाळाला हात लावला आणि तो तसाच राहिला. "पंखो बंद कर गो चेडवा," ते म्हणाले. पंखा बंदच होता.

त्या आठवड्यात नळी बदललेल्या आणखी दोघांना ताप आला. ते तरुण होते, महिनाभर झगडून वाचले. मास्तरांच्या रक्तात जे जंतू सापडले ते कुठल्याच औषधाला दाद देणारे नव्हते. डॉक्टर बिडयेंनी मुंबईहून एक औषध मागवलं, ते आलं, दिलंही. हृदयाला झेपलं नाही. पुण्याची मुलगी पोचली तेव्हा त्यांनी तिला ओळखलं आणि सरकून बस म्हणाले. मग ते गेले.

डॉक्टर बिडयेंनी सगळ्या नळ्या थांबवल्या आणि बशी पुन्हा बाहेर काढली. दिगंबरची लघवी त्यात घातली. दोन दिवसांनी बशी स्वच्छ होती, धुऊन ठेवल्यासारखी.

त्या स्वयंपाकघराच्या मागे आल्या. दर्शना तांदूळ धूत होती. त्यांनी आवाज न चढवता विचारलं की दिगंबरनं अँटिबायोटिक घेतलं होतं का. दर्शना बोलली नाही. शपथ अजून होती. ती उठली, खोलीत गेली, बिस्किटांचा डबा घेऊन आली आणि झाकण काढून त्यांच्यासमोर ठेवला. आत रिकामी पाकिटं होती.

डॉक्टर पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "मला सांगितलं असतंत तर मी त्याच दिवशी त्यांना औषध दिलं असतं, दर्शनाताई. आणि त्याच दिवशी नळ्या थांबवल्या असत्या. दोघंही राहिले असते."

दर्शनानं मान हलवली. हे तिला मास्तरांच्या कपाळाला हात लावला त्या क्षणीच कळलं होतं. डॉक्टरांनी मग स्वतःचंही सांगितलं, बशी त्यांनी सोडली होती, यंत्राच्या दिव्यावर विसंबल्या होत्या, तेव्हा सगळं ओझं एकटीनं उचलू नका. त्या हे मनापासून बोलत होत्या. पण ओझ्याचं असं आहे, दुसऱ्यानं आपला वाटा घेतला म्हणून आपला हलका होत नाही. दर्शनानं शेवटी एकच विचारलं, गोळी दिली नसती तर हे गेले असते का. डॉक्टर म्हणाल्या, कदाचित. कदाचित आपोआपही बरे झाले असते. खोटं सांगायला त्यांना जमलं नाही.

राखणे परत बसवायचा प्रयत्न झाला. वॉर्डातल्या ज्यांच्या नळ्या आधीच्या होत्या त्यांच्याकडून विरजण घेतलं, दिगंबरच्या मूत्राशयात सोडलं. दोनदा. दही लागलं नाही. जे कधीतरी आपणहून आलं होतं ते बोलावल्यावर आलं नाही. दिगंबरला मात्र हे तपासण्यांसाठी आहे असंच सांगितलं होतं, आणि मास्तर हृदयानं गेले असं.

मास्तरांची मुलगी निघताना खोलीवर आली. तिनं दर्शनाच्या हातात खाकी खोळ ठेवली, धुऊन घडी केलेली. खिशात अजून खडीसाखर होती. ती म्हणाली की बाबा फोनवर रोज तुमच्या पेजेबद्दल सांगायचे, सख्खी मुलगी असून मी जे केलं नाही ते तुम्ही केलंत. मग ती दर्शनाच्या पाया पडायला वाकली. दर्शनानं पाय मागे घेतले, इतक्या झटकन की मागे भिंतीला तिची टाच आपटली. मुलीला तो विनय वाटला.

दिगंबर हे खाटेवरून बघत होता. ती गेल्यावर त्यानं खोळ मागून घेतली आणि छातीवर ठेवली. त्या दिवसापासून तो जेवेना. सकाळी सिस्टर आल्या तर त्यानं त्यांना दारातूनच परत पाठवलं, माझं नको तुम्हाला, म्हणाला. संध्याकाळी दर्शना त्याला कुशीवर वळवत असताना भिंतीकडे तोंड करून तो बोलला.

"माझो खोकलो त्या पाण्यात उतरलो असतलो. मी लपवलंय. माझ्यामुळे मास्तर गेलो."

दर्शनाचे हात त्याच्या पाठीवर होते. तिला गप्प राहता आलं असतं. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलंच होतं, तेच पुन्हा सांगता आलं असतं. तो हळूहळू त्यातून सावरलाही असता कदाचित. पण तो सावरत नव्हता, दिवसेंदिवस आत आत जात होता, आणि ज्यासाठी तिनं सगळं केलं होतं तेच हातातून चाललं होतं. शपथ डॉक्टरांकडे न बोलण्याची होती. त्याच्याकडे न बोलण्याची नव्हती. या वेळी मात्र तिनं ती पळवाट म्हणून वापरली नाही.

"तुमच्यामुळे नाय," ती म्हणाली. "माझ्यामुळे. तुमच्या पेजेत मी गोळी घालीत होतंय. दाढेची. राखणे तेनी मेले. मास्तरांका रिकामी नळी लागली."

तिनं त्याला पाठीवर वळवलं तेव्हा त्याचे डोळे उघडे होते आणि तो छताकडे बघत होता. मग त्यानं खाटेच्या कडेला टांगलेल्या पिशवीकडे बघितलं.

"म्हणजे आता तेच्यात काय नाय?"

"नाय."

"परत?"

"दोनदा बघल्यानी. नाय लागले."

बाहेर स्वयंपाकघरात कुणीतरी भांडी घासत होतं. ती वाट बघत होती की तो ओरडेल, शिव्या देईल, निदान रडेल. "मी मरूक देवचा होता काय तुमका?" असं तिनं विचारलं, आणि विचारल्यावर तिचीच तिला लाज वाटली.

तो म्हणाला, "तू वाचवलंस कोणाक, ता सांग माका."

तिनं त्याचे पाय सरळ केले आणि पांघरूण वर ओढलं.

खोली त्यांच्याकडेच राहिली; डॉक्टर बिडयेंनी तेवढं लावून धरलं. वॉर्डात जुने उपाय परत आले, गरज नसेल तर नळी नको, असेल तर लवकर काढा, पिशवी खाली. डॉक्टर दुसऱ्या जिल्ह्यांतल्या जुन्या पेशंटांच्या लघव्या मागवून बशीत घालून बघतात. कुठेतरी आणखी एखादं घर असेल जिथं असं दही लागत असेल, यावर त्यांचा विश्वास आहे. अजून सापडलेलं नाही.

दिगंबरला एकदा नळीचा ताप येऊन गेला. त्याला औषध दिलं, त्यानं घेतलं. नाही म्हणायला आता काही कारण नव्हतं. दाढी तो आठवड्यातून एकदा करतो, तीही दर्शनानं आरसा पुढे धरला तर.

सकाळी आता कुणी दार वाजवत नाही. दर्शनाच पिशवी सोडवते, मागच्या मोरीत नेऊन ओतते, वर तांब्याभर पाणी टाकते. हात धुते. मग पेज करते. हात सवयीनं दोन वाट्यांकडे जातो आणि ती एक परत ठेवते. वाटी घेऊन ती त्याच्याजवळ बसते, आणि तो ती हातात घेत नाही.

"आधी तू खा," तो म्हणतो.

रागानं नाही म्हणत. पाणी दे, खिडकी लाव, तशाच आवाजात म्हणतो. ती चमचा भरते, त्याच्यासमोर तोंडात घालते, गिळते. तो तिच्या गळ्याकडे बघत असतो. मग तो वाटी घेतो आणि दोघं बसतात, तो खात आणि ती रिकाम्या वाटीची वाट बघत.